गैरहजर खासदाराला काय विचारावे?

निवडणूक आली की आपले व्यापारी बांधव उमेदवाराला एकच सवाल करतात : कपड्यावरचा कर कमी करणार का? सवाल वाजवी आहे, पण अपुरा आहे. विधेयक मताला आले तेव्हा आपण सभागृहात हजर होता का, नसल्यास का नव्हता, हे कोणी विचारत नाही.

प्रत्येक गैरहजेरीची किंमत सारखी नसते. साध्या विधेयकाला हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत पुरते. गैरहजर सदस्य ना जमेत, ना नावे. घटनादुरुस्तीचा हिशेब निराळा. कलम ३६८ प्रमाणे मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश तर हवेतच, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमतही हवे. तेथे घरी बसणारा सदस्य विधेयकाचे एक मत कमीच करतो.

जीएसटीचेच पाहा. २०११ साली लोकसभेत आलेले घटनादुरुस्ती विधेयक पडून राहिले आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बाद झाले. दुसरे विधेयक ३ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यसभेत २०३ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाले. शून्य पाहून वाटेल की विरोध कोणाचाच नव्हता. तसे नाही. अण्णा द्रमुकचे सदस्य मतदानापूर्वी सभात्याग करून गेले होते. त्यांचे म्हणणे असे की, तामिळनाडू माल तयार करणारे राज्य आहे. कर मात्र माल खपेल त्या राज्याला मिळणार, म्हणजे आमचे उत्पन्न बुडणार. हे कोणाला पटो वा न पटो, भूमिका सभागृहात मांडली गेली. खुलासा याला म्हणतात. "कामात होतो" हा खुलासा नव्हे.

पुढे १ जुलै २०१७ पासून कापडावर ५ टक्के जीएसटी लागला. सुरतच्या बाजाराने संप केला, पण घटनादुरुस्तीची वेळ केव्हाच निघून गेली होती. आता दर जीएसटी परिषद सुचवते, आणि तेथे राज्यांचे मंत्री बसतात. कापडाचा दर १२ टक्के करण्याचा निर्णय ३१ डिसेंबर २०२१ रोजी परिषदेनेच लांबणीवर टाकला. म्हणून हा सवाल आमदारालाही केला पाहिजे.

सदस्यांच्या अडचणीही खऱ्या आहेत. आवाजी मतदानात कोणी काय मत दिले याची नोंद राहत नाही; मतविभागणी झाली तरच राहते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेश मोडून मत देणारा किंवा मतदान टाळणारा सदस्य जागा गमावू शकतो. अशा वेळी "पक्षाचा हुकूम होता" हे उत्तर निदान प्रामाणिक आहे. पण हुकूम मताचा असतो. मतदारसंघातल्या बाजारात येऊन आपली भूमिका सांगायला कायदा अडवत नाही.

तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. कोणत्या मतदानाला हजर नव्हता? कारण काय? आणि जे विधेयक अजून मंजूर व्हायचे आहे, त्यावर तुमचे मत काय? तिसरा सवाल सर्वांत महत्त्वाचा, कारण उत्तर बदलून घ्यायला तेवढाच वेळ आपल्या हातात असतो.