धावपळीतली तीन मिनिटं

पहाटे साडेपाचला गजर होतो. मुलांचे डबे, सासूबाईंची औषधं, शाळेची बस, मग गुरुग्रामहून मध्य दिल्लीतलं ऑफिस. मेट्रोत बसायला जागा मिळाली तर नशीब! दिवसभर फोन आणि फायली. संध्याकाळी भाजी घेऊन घरी, पुन्हा स्वयंपाकघर. दिल्लीत स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी ख्रिस्ती कुटुंबांत बाईचा दिवस असाच जातो. ‘प्रार्थना रात्री निवांत करू,’ असं ठरतं खरं, पण पाठ टेकली की ‘आमेन’च्या आतच डोळा लागतो.

दिवसाच्या शेवटी उरलेला वेळ देवाला द्यायचा म्हटलं, तर तो उरतच नाही. ही अडचण आजची नाही. तिच्यावरचा उपायही जुनाच आहे. तो म्हणजे भर दिवसा, हातातलं काम थांबवून केलेली छोटी प्रार्थना.

घंटेची शिस्त

‘डिडाखे’ हे ख्रिस्ती मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं पुस्तक. प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी, असं त्यात सांगितलं आहे. पुढे कॅथलिक परंपरेत ‘अँजेलस’ रूढ झाली. देवदूतानं मरियेला दिलेल्या निरोपाची आठवण करून देणारी ही प्रार्थना. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा या तिच्या ठरलेल्या वेळा. तीन लहान वचनं, प्रत्येकानंतर ‘नमो मरिया’ आणि शेवटी एक प्रार्थना. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं.

घंटा झाली की शेतातला माणूस शेतात आणि घरातला घरात थांबायचा. गोव्यात, वसईत ही घंटा गावाचं घड्याळच होती. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत पोचल्या. नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा त्यांतलीच मानली जाते. चर्च असो वा देऊळ, घंटेचं काम एकच : धावणाऱ्या माणसाला क्षणभर उभं करायचं.

दिल्लीच्या रहदारीत ही घंटा कानावर येणार नाही. म्हणून ती आपली आपणच ठरवून घ्यायची.

थांबायचं कुठे?

कॅनॉट प्लेसच्या आसपास नोकरी असेल, तर गोल डाकखान्याजवळचं सेक्रेड हार्ट कॅथीड्रल जवळ आहे. १९२९ मध्ये त्याची कोनशिला बसवली गेली. पटेल चौक मेट्रो स्टेशनवरून तिथे चालत जाता येतं. शेजारीच बंगलासाहिब गुरुद्वारा आहे. थोडं पुढे हनुमान मंदिर. कामातून वेळ काढून क्षणभर हात जोडणारी माणसं या परिसरात नवी नाहीत. राष्ट्रपती भवनाजवळचं कॅथीड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन आणि सेक्रेड हार्ट, या दोन्ही वास्तू हेन्री मेड या एकाच वास्तुकाराच्या. जुन्या दिल्लीकडे काम असेल, तर काश्मिरी गेटला १८३६ सालचं सेंट जेम्स चर्च आहे. दार कधी उघडं असतं, हे मात्र आधी विचारून ठेवावं.

पण रोज चर्च गाठणं कुणाला जमणार? सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधक स्वयंपाकघरात राबत. भांड्यांच्या गडबडीतही देव तितकाच जवळ असतो, ही त्यांची शिकवण आजही वाचली जाते. मग मेट्रोतली जागा, ऑफिसचा जिना किंवा गॅसवर कुकर चढवल्यानंतरची पाच मिनिटं का चालू नयेत?

तीन मिनिटांत काय कराल?

* वेळ एकच ठरवा आणि ती रोजच्या एखाद्या कामाला जोडा. डबा उघडण्याआधी, किंवा ठरावीक स्टेशन गेल्यावर.

* फोन पर्समध्ये ठेवा. दोन-तीन श्वास सावकाश घ्या.

* शब्द शोधत बसू नका. प्रभूची प्रार्थना, ‘नमो मरिया’ किंवा ना. वा. टिळकांच्या पदातली पाठ असलेली ओळ मनात म्हणा. थकलेल्या मनाला पाठ असलेले शब्दच सावरतात.

* एका माणसाचं नाव घ्या. शक्यतो ज्याचा आज राग आलाय, त्याचंच.

* मोठ्यानं म्हणण्याची गरज नाही. दार लावून एकांतात प्रार्थना करावी, असं येशूनंच सांगितलं आहे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कळलंही नाही, तरी काही बिघडत नाही.

फायदा कोणता?

इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांवर केलेला एक अभ्यास २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास उतरली. योगातला मंत्र म्हणतानाही तसंच घडलं. संथ लयीतल्या शब्दांनी शरीरही शांत होतं, एवढं यातून दिसतं. त्यामुळे प्रार्थनेला औषध समजू नये, डॉक्टरांच्या गोळ्याही बंद करू नयेत.

प्रार्थनेनं कामाचा डोंगरही कमी होत नाही. घरातल्या कामाची वाटणी व्हायला हवी असेल, तर ते घरच्यांशी बोलूनच ठरवावं लागेल. प्रार्थना त्याला पर्याय नाही. पण साहेबांवरचा राग संध्याकाळी मुलाच्या पाठीवर निघतो, सासूबाईंच्या साध्या प्रश्नाला तुटक उत्तर जातं, हे आपण सगळेच अनुभवतो. दुपारी तीन मिनिटं थांबलेल्या माणसाला तो राग दाराबाहेर ठेवायची एक संधी मिळते.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे एकांतात प्रार्थनेला गेलेला दिसतो आणि शिष्य त्याला शोधत येतात, कारण लोक त्याची वाट पाहत असतात. कामं तेव्हाही संपलेली नव्हती. ती संपण्याची वाट न पाहता तो थांबला आणि मग उठून कामाला लागला. उद्या दुपारी डबा उघडण्याआधी आपल्यालाही एवढं करून पाहता येईल.