'पेटार्ड' विनाशिका

युद्धनौका म्हटली म्हणजे जाड पोलादी चिलखत आणि प्रचंड तोफा डोळ्यांपुढें उभ्या राहतात. विनाशिका, म्हणजेच डिस्ट्रॉयर, हिची घडण मात्र अगदीं निराळी असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाणतीर सोडणाऱ्या लहान, चपळ नौका मोठ्या जहाजांस भारी पडूं लागल्या; त्यांचा नाश करण्यासाठीं ही जात निर्माण झाली. पुढें पाणबुड्यांचा पाठलाग व व्यापारी तांड्यांचें रक्षण हींच तिचीं मुख्य कामें ठरलीं.

ब्रिटिश आरमाराची 'पेटार्ड' ही अशीच एक विनाशिका. इंग्लंडांत टाइन नदीच्या कांठीं बांधलेली ही नौका १९४२ च्या जूनमध्यें सेवेंत दाखल झाली. तिची लांबी ३४५ फूट आणि रुंदी अवघी ३५ फूट होती. ४०,००० अश्वशक्तीचीं वाफेचीं यंत्रें तिला ताशी सुमारें ३६ सागरी मैल वेग देत. हा वेग साधावयाचा तर वजन कमी ठेवणें भाग होतें. म्हणून चिलखताचा तिनें जवळजवळ त्यागच केला होता. पाण्यांत ध्वनि सोडून प्रतिध्वनीवरून पाणबुडीचा ठाव सांगणारें यंत्र हेच तिचे कान, आणि ठराविक खोलीवर फुटणारे सुरुंग हें पाणबुडीविरुद्धचें तिचें मुख्य शस्त्र.

३० ऑक्टोबर १९४२ रोजीं, पोर्ट सैदच्या उत्तरेस भूमध्य समुद्रांत, 'पेटार्ड' व तिच्या सोबतिणींनीं 'यू-५५९' या जर्मन पाणबुडीचा दिवसभर पाठलाग केला. रात्रीं ती जखमी होऊन वर आली. जर्मन खलाशांनीं तिच्यांत पाणी सोडून तिचा त्याग केला. त्या वेळीं लेफ्टनंट ॲन्थनी फॅसन व खलाशी कॉलिन ग्रेझिअर पोहत जाऊन तिच्या आंत उतरले. जहाजावरील उपाहारगृहांत काम करणारा १६ वर्षांचा टॉमी ब्राउनही त्यांच्या मागोमाग गेला. आंत पाणी चढत होतें, आणि हवीं तीं पुस्तकें पाण्यानें विरघळणाऱ्या शाईनें छापलेलीं होतीं. दोघे तीं खालून देत व ब्राउन शिडीवरून वर पोहोंचवी. इतक्यांत पाणबुडी एकाएकीं बुडाली. ब्राउन वांचला, फॅसन व ग्रेझिअर तिच्याबरोबर तळाशीं गेले.

या पुस्तकांचें मोल काय होतें? १९४२ च्या फेब्रुवारींत अटलांटिकमधील जर्मन पाणबुड्यांनीं आपल्या 'एनिग्मा' या संकेतयंत्रास चौथें चक्र जोडलें, आणि सुमारें दहा महिने ब्रिटिशांस त्यांचे संदेश उलगडेनात. हातीं आलेल्या पुस्तकांत हवामानाचे संदेश संक्षिप्त करण्याचा कोश होता. संदेशांतील मूळ मजकुराचा असा अंदाज बांधतां आला, म्हणजे यंत्राची त्या दिवसाची मांडणी शोधणें शक्य होई. १३ डिसेंबर १९४२ रोजीं ब्लेचली पार्क येथील तज्ज्ञांस यश आलें, आणि पाणबुड्यांची ठिकाणें टाळून तांडे वळविणें पुन्हा साधूं लागलें.

'पेटार्ड'नें पुढें इटालियन 'उआर्शेक' व १९४४ सालीं मालदीव बेटांजवळ जपानी 'आय-२७' या पाणबुड्यांच्या नाशांतही भाग घेतला. १९६७ सालीं ती मोडींत निघाली. फॅसन व ग्रेझिअर यांस मरणोत्तर जॉर्ज क्रॉस, तर ब्राउन यास जॉर्ज मेडल देण्यांत आलें. १९४५ सालीं घरास लागलेल्या आगींतून बहिणीस सोडवितांना ब्राउनही मरण पावला. त्यांनीं काय मिळविलें, हें युद्धानंतर सुमारें ३० वर्षें जगापासून गुप्तच राहिलें. आपल्या कृत्याचें फळ त्या दोघांस कधींच कळलें नाहीं. समोरचें काम करावयाचें, एवढेंच त्यांस ठाऊक होतें.