डीपीचा सातबारा

अंबड तालुक्यातल्या मोसंबीच्या बागा उन्हाळ्यात पाण्यावर तगतात आणि ते पाणी डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर. डीपी जळाली की शिवारभर तोच एक विषय. ती खाली उतरवून ट्रॉलीत ठेवली, की एरवी खांबावर उंच असलेली तिची पाटी हाताशी येते. रंगाचे थर, तेलकट धूळ आणि त्याखाली कोरलेली अक्षरं. सातबारा बघून जमिनीवरचा बोजा कळतो, तसा या पाटीवरून डीपीला किती बोजा झेपेल ते कळतं.

आधी आकडे बघा. '१०० केव्हीए' ही क्षमता. '११०००' आणि '४३३' हे दोन बाजूंचे व्होल्ट. त्यापुढे ५.२५ आणि १३३.३ अँपिअर. व्होल्ट साधारण पंचवीस पट उतरले, तेवढाच प्रवाह चढला. म्हणूनच वर येणारी तार बारीक असली तरी चालते, खालून निघणारी केबल मात्र जाडजूड लागते.

मग येतं खरं कोडं : मोठा 'डी', लहान 'वाय', लहान 'एन' आणि ११. मोठं अक्षर उच्च दाबाच्या बाजूचं. तिथली तीन वेटोळी त्रिकोणात जोडली आहेत. लहान 'वाय' म्हणजे कमी दाबाची वेटोळी एका बिंदूत मिळाली आहेत. त्या बिंदूतून बाहेर काढलेली तार म्हणजे 'एन', आपला न्यूट्रल. दोन फेजमध्ये ४३३ व्होल्ट, तर फेज आणि न्यूट्रलमध्ये २५०. हा न्यूट्रल तुटला, तर एका घरात दिवा मिणमिणतो आणि शेजारच्या घरात टीव्ही जळतो.

शेवटचे ११ म्हणजे घड्याळातले अकरा. उच्च दाबाचा काटा बारावर धरला, तर कमी दाबाचा अकरावर असतो. दोघांत ३० अंशांचं अंतर. हा आकडा न जुळणाऱ्या दोन डीपी एकमेकींना जोडल्या, तर भार नसतानाही त्यांच्यात प्रवाह फिरतो आणि वेटोळी जळतात.

आता अंगावरची खूण. बाजूच्या काचेच्या भांड्यातले खडे निळे असतील तर आत जाणारी हवा कोरडी. गुलाबी झाले असतील तर ते ओल शोषून थकले. नव्या प्रकारच्या खड्यांचे रंग वेगळे असतात. खालच्या बोल्टाजवळ एक उभी रेघ आणि तिच्याखाली लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा दिसल्या, तर ती अर्थिंगची जागा. विजेच्या आराखड्यात एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं म्हणजे खुद्द ट्रान्सफॉर्मर.

खांबावर डीओची, म्हणजे ड्रॉप-आउट फ्यूजची, नळी लोंबकळत असली तर तेवढाच एक फ्यूज उडालेला असतो. बाकीचे दोन फेज जिवंतच. तिन्ही नळ्या उतरवल्या तरी निर्धास्त होऊ नका. ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडून चालतो. कुणी घरचा जनरेटर चुकीचा जोडला, तर खालचे ४३३ व्होल्ट वर पुन्हा ११००० होतात. नळ्या उतरवल्या की वीज गेली, या गैरसमजातून शिवारात जीव जातात. फ्यूज टाकायला खांबावर चढू नका. १९१२ ला फोन करा, वायरमन येईपर्यंत थांबा. एक पाणी चुकलं तरी बाग सावरते.

डीपी दुरुस्तीला जाण्याआधी पाटी कापडाने पुसून तिचा फोटो काढून ठेवा. परत आलेल्या डीपीची पाटी त्याच्याशी ताडून पाहा आणि अकराचे अकराच आहेत ना, ते वायरमनला विचारा.