कंटेनमेंटच्या भिंतीतून जाणारी वीज

अणुभट्टीभोवतीची कंटेनमेंट इमारत हा किरणोत्सर्ग आणि बाहेरचे जग यांच्यामधला शेवटचा अडसर असतो. जाड काँक्रीट, आतून पोलादी अस्तर, आणि आतला पाइप फुटून सगळीकडे वाफ भरली तरी टिकेल अशी बांधणी. अमेरिकेतल्या दाबयुक्त पाण्याच्या बहुतेक मोठ्या अणुभट्ट्यांची कंटेनमेंट साधारण तीन ते चार बार जादा दाबासाठी आखलेली असते. त्या दाबाखाली दिवसभरात आतल्या हवेच्या सुमारे ०.१ टक्क्याहून जास्त हवा बाहेर झिरपू नये, अशा पातळीची मर्यादा कित्येक केंद्रांच्या परवान्यात असते. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या अणुभट्टीत इंधन वितळले. त्याच दिवशी आत हायड्रोजन पेटला आणि दाब चौरस इंचाला २८ पौंडांपर्यंत उसळला, तरी भिंत टिकली.

या भिंतीतून विजेच्या तारा आत न्याव्याच लागतात. शीतक पंपांच्या प्रचंड मोटारी, प्रेशरायझरचे हीटर, हवा थंड करणारे पंखे, मोटारीवर चालणारे व्हॉल्व्ह, पोलार क्रेन, दिवे, तापमान आणि दाब मोजणारी उपकरणे अशा सगळ्यांचे मिळून हजारो वाहक काही डझन ठिकाणी भिंत ओलांडतात. त्या प्रत्येक ठिकाणी भिंतीत बसवलेल्या पोलादी नळीत जो जोड असतो, त्याला इलेक्ट्रिकल पेनिट्रेशन म्हणतात. तांब्याचे वाहक एका पोलादी चकतीतून आरपार जातात. वाहक आणि चकती यांच्यामधली जागा काच, इपॉक्सी, सिरॅमिक किंवा पॉलीसल्फोनसारख्या प्लॅस्टिकने बंद केलेली असते. बऱ्याच रचनांमध्ये दोन सीलांमधल्या पोकळीत नायट्रोजन भरून बाहेर एक दाबमापक लावतात. काटा खाली आला, तर कुठेतरी गळती आहे हे लगेच कळते.

मीटरभर काँक्रीटचे काम त्या जागी हे सील करत असते. पण ते काँक्रीटइतकी उष्णता सोसू शकत नाही. वाहकातून मर्यादेपलीकडे प्रवाह गेला की तांबे तापते, तांब्याला चिकटलेले सील तापते. सेंद्रिय सील मऊ पडते किंवा करपते. काचेचे सील जास्त तापमान सोसते, पण काच आणि धातू कमी-जास्त प्रसरण पावल्याने त्यालाही तडा जाऊ शकतो. कारखान्यात एखादी केबल जळाली तर ती बदलता येते, नुकसान पैशांचे आणि वेळेचे. इथे वाहक जळाला तर भिंतीला भोक पडते. म्हणून या सर्किटांवरचे ब्रेकर आणि फ्यूज मुख्यतः भिंतीच्या रक्षणासाठी निवडावे लागतात, आणि पुढचे सगळे गणित या एका गोष्टीमुळे बदलते.

शॉर्टसर्किट होण्याची सर्वांत जास्त भीती नेमकी अपघाताच्या वेळी असते. पाइप फुटला की आत दीडशे अंशांच्या आसपासची वाफ, पाणी आणि रसायनांचा फवारा पसरतो. सुरक्षेसाठी लागणाऱ्या केबल त्या परिस्थितीत टिकतात की नाही, हे आधी तपासून घेतलेले असते. दिव्यांच्या, क्रेनच्या, साध्या सॉकेटच्या केबलची अशी तपासणी झालेली असतेच असे नाही. म्हणजे भिंत घट्ट असण्याची गरज सर्वांत मोठी असते, त्याच तासात बिनमहत्त्वाच्या सर्किटांवर शॉर्ट होण्याचा संभव वाढतो. म्हणून एरवी कोणी लक्ष देणार नाही अशा दिव्यांच्या सर्किटलाही पेनिट्रेशनपुरते सुरक्षा यंत्रणेइतक्याच गांभीर्याने घ्यावे लागते.

अमेरिकेच्या अणुऊर्जा नियमावलीतला ५० क्रमांकाचा सर्वसाधारण आराखडा-निकष सांगतो, की कंटेनमेंट तिच्या दरवाजांसह आणि पेनिट्रेशनांसह अपघाताचा दाब आणि तापमान गळतीची मर्यादा न ओलांडता सोसू शकली पाहिजे. विजेच्या बाजूने याचा अर्थ काय, हे १.६३ क्रमांकाच्या नियामक मार्गदर्शिकेने स्पष्ट केले. ती पहिल्यांदा १९७३ मध्ये निघाली. १९८७ च्या तिसऱ्या आवृत्तीने आयईईई ३१७ या मानकाची १९८३ ची आवृत्ती आधाराला घेतली. मार्गदर्शिकेचा गाभा असा, की एखादे संरक्षक उपकरण ऐन वेळी चालले नाही असे गृहीत धरावे, आणि तरीही जो जास्तीत जास्त प्रवाह जितका वेळ वाहील, तो पेनिट्रेशनने यांत्रिकदृष्ट्या शाबूत राहून सोसला पाहिजे.

हिशेब अगदी थोड्या वेळाचा असल्यामुळे तांब्यातली उष्णता बाहेर जायला सवड मिळत नाही असे धरतात. मग प्रवाहाचा वर्ग गुणिले वेळ, एवढ्यावर तापमानाची वाढ ठरते. उदाहरणादाखल ५० चौरस मिलिमीटरचा तांब्याचा वाहक घ्यावा. तो नेहमीच्या भाराने ९० अंशांवर आहे, आणि सील २०० अंशांपर्यंत सुरक्षित आहे. २०,००० अँपिअरचा शॉर्ट झाला तर ही मर्यादा गाठायला साधारण ०.०९ सेकंद लागतो. प्रवाह निम्मा असेल तर वेळ चौपट होतो, सुमारे ०.३७ सेकंद. आता तोच शॉर्ट अपघाताच्या वेळी झाला, आणि वाहक आधीच १५० अंशांवर आहे असे धरले, तर हाताशी ०.०४ सेकंदच उरतो. सुरुवातीचे तापमान कोणते धरले, यावर अख्खी आकडेमोड उभी असते. कागदावर सगळे काही ठीक दाखवणारा हिशेब पुष्कळदा याच एका आकड्यामुळे कोसळतो.

दुसरे उपकरण लागते ते इथे. पहिला ब्रेकर अडकला, तर त्याच्या वरच्या बाजूचा ब्रेकर पडला, म्हणजे आपोआप उघडला पाहिजे. नेहमीच्या वीजवितरणात वरच्या ब्रेकरला मुद्दाम उशीर लावलेला असतो, कारण एका मोटारीच्या बिघाडाने अख्खे पॅनेल अंधारात जाऊ नये. हा उशीर ०.३ सेकंदाचा असला तरी वरच्या उदाहरणातले सील तोवर हातचे गेलेले असते. मग आराखडा करणाऱ्यापुढे थोडेच मार्ग उरतात. पेनिट्रेशनमधला वाहक जाड करायचा. छेद दुप्पट केला की वेळ चौपट होतो. किंवा एकाच सर्किटवर एकामागे एक दोन सारखे ब्रेकर बसवायचे. आधी कोणता पडतो याला तिथे महत्त्व नसते, कारण दोन्ही तेच एक सर्किट तोडतात. किंवा ब्रेकरसोबत प्रवाह आवरणारा फ्यूज लावायचा, जो मोठा शॉर्ट अर्ध्या आवर्तनाच्या आतच तोडतो.

दोन उपकरणे आहेत एवढ्याने काम भागत नाही; ती एकमेकांपासून स्वतंत्र असायला हवीत. मोठ्या व्होल्टेजच्या ब्रेकरला उघडणारी ट्रिप कॉइल केंद्रातल्या बॅटरीवर चालते. पुढचा आणि मागचा असे दोन्ही ब्रेकर एकाच बॅटरीवर असतील, तर ती बॅटरी गेल्यावर दोन्ही एकदमच निकामी होतात. शीतक पंपांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत टोकाचा होतो. त्या मोटारी कित्येक हजार व्होल्टवर चालतात, शॉर्टचा प्रवाह हजारो अँपिअरचा असतो, आणि मागचा आधार म्हणजे पुष्कळदा अख्ख्या बसचा, म्हणजे अनेक सर्किटांना वीज देणाऱ्या सामाईक वाहकपट्टीचा, इनकमर ब्रेकर. त्याची सेटिंग त्या बसवरच्या सगळ्या भाराकडे पाहून ठरवलेली असते, एका पंपाच्या पेनिट्रेशनकडे पाहून नाही.

मोठा शॉर्ट निदान ब्रेकरच्या लक्षात तरी येतो. मधल्या पातळीचा प्रवाह अधिक फसवा असतो. अडकलेली मोटार पूर्ण भाराच्या सहापट प्रवाह ओढत राहते. ब्रेकरच्या तात्काळ पडणाऱ्या भागाला तो दिसत नाही आणि उष्णतेवर पडणारा भाग सावकाश जागा होतो. म्हणून पेनिट्रेशनची सहनमर्यादा आणि दोन्ही उपकरणांचे वक्र एकाच आलेखावर काढतात, आणि प्रत्येक प्रवाहाला दोन्ही उपकरणे मर्यादेच्या आधी पडतात की नाही ते टोकापासून टोकापर्यंत तपासतात. सुरक्षा व्हॉल्व्हच्या मोटारींचा पेच आणखी वेगळा आहे. अपघातात व्हॉल्व्ह हलणे हे मोटार वाचवण्यापेक्षा महत्त्वाचे असल्यामुळे त्यांचे ओव्हरलोड रिले कित्येक ठिकाणी त्या वेळेपुरते बाजूला काढलेले असतात. तेव्हा त्या रिलेच्या भरवशावर पेनिट्रेशनचे रक्षण मोजणे चूक ठरते.

सगळ्याच सर्किटांना एवढा खटाटोप लागत नाही. थर्मोकपल आणि इतर मापन सर्किटांत प्रवाहच इतका कमी, की शॉर्ट झाला तरी तांबे तापत नाही. लांब, बारीक केबलचा रोधही प्रवाह आवरतो. क्रेन आणि वेल्डिंगची सॉकेटे अणुभट्टी चालू असताना लागतच नाहीत. त्यांचे ब्रेकर उघडून कुलूप लावले की प्रश्न मिटतो. हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा आहे.

ही मार्गदर्शिका निघण्याआधी उभ्या राहिलेल्या केंद्रांचा प्रश्न मात्र उरला. १९७७ नंतर अमेरिकी नियामक आयोगाने पॅलिसेड्स, जिना, ऑयस्टर क्रीक, ड्रेस्डेन २ अशा जुन्या अणुभट्ट्यांचा पद्धतशीर फेरआढावा घेतला, आणि विजेची पेनिट्रेशने हा त्यातला स्वतंत्र विषय होता. कमी व्होल्टेजच्या आणि मोठ्या व्होल्टेजच्या सर्किटांचे नमुने घेऊन सील तापायला लागणारा वेळ आणि ब्रेकर पडायला लागणारा वेळ शेजारी शेजारी मांडले गेले. अणुभट्टी बांधून झाल्यावर हा हिशेब पहिल्यांदा करणे किती अवघड असते, हे त्या कामात दिसते: वाहकाचा छेद आता बदलता येत नाही, बदलता येतात फक्त ब्रेकर आणि त्यांच्या सेटिंग्ज.

कागदावरचे हे सगळे खरे ठरते की नाही, ते इंधन बदलण्याच्या शटडाउनमध्ये टेस्टिंगच्या टेबलावर कळते. अमेरिकी केंद्रांच्या १९८० च्या दशकातल्या प्रमाणित तांत्रिक अटींमध्ये पेनिट्रेशनच्या संरक्षक उपकरणांचे वेगळे कलम होते. दर १८ महिन्यांनी प्रत्येक प्रकारच्या ब्रेकरपैकी किमान १० टक्के पाळीपाळीने तपासायचे. त्यातला एखादा नापास झाला, तर त्या प्रकारचे आणखी १० टक्के घ्यायचे, आणि नापास होणे थांबेपर्यंत असेच पुढे जायचे.

चाचणीत सर्वांत नाजूक क्षण पहिलाच असतो. मोल्डेड केस ब्रेकर वर्षानुवर्षे न हलता एकाच अवस्थेत उभा असतो आणि आतले वंगण घट्ट होते. तो पॅनेलमधून काढताना सहज म्हणून चार वेळा चालू-बंद केला, तर अडकलेली यंत्रणा मोकळी होते आणि चाचणीत ब्रेकर उत्तम पडतो. पण अपघातात चार वेळा हलवून द्यायला कोणी नसते. म्हणून ब्रेकर आहे त्या स्थितीत तपासायचा, साफसफाई आणि हलवाहलव नंतर. हा नियम जो तंत्रज्ञ पाळतो त्याच्या नोंदीला किंमत आहे. बाकीच्या नोंदी समाधानापुरत्या.

मग ब्रेकरच्या एका पोलला आखूड, जाड लीड जोडतात. चाचणीयंत्र अवघ्या काही व्होल्टवर शेकडो अँपिअर सोडते, त्यामुळे लीड लांब झाली किंवा लग नीट आवळला नाही तर हवा तेवढा प्रवाह मिळतच नाही. उष्णतेवर पडणारा भाग तपासण्यासाठी रेटिंगच्या ३०० टक्के प्रवाह देतात. १०० अँपिअरच्या ब्रेकरला ३००. घड्याळ सुरू होते. आतली द्विधातूची पट्टी हळूहळू वाकते, ब्रेकर पडतो, आणि तो वेळ उत्पादकाच्या पट्ट्यात बसतो का ते पाहतात. लगेच दुसरा पोल घेता येत नाही. पट्टी गरम असतानाच चाचणी केली तर ब्रेकर लवकर पडतो आणि सदोष ब्रेकरही चांगला दिसतो. निवेपर्यंत थांबावे लागते, आणि शटडाउनच्या घाईत हे थांबणेच सर्वांत जड जाते. तात्काळ पडणाऱ्या भागासाठी प्रवाहाचे छोटे ठोके देत, प्रत्येक वेळी थोडे वाढवत, तो नेमका कुठे पडतो ते शोधतात. ठोका लांबला तर उष्णतेचा भाग मध्ये येऊन निकाल बिघडवतो. शेवटी मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, इन्सुलेशन बघतात.

मोठ्या व्होल्टेजच्या ब्रेकरना संरक्षण देणारे रिले वेगळे तपासतात. रिलेला कृत्रिम प्रवाह देऊन तो चालला की प्रत्यक्ष ब्रेकर उघडतो का, इथपर्यंत साखळी पाहायची. फ्यूजची तशी चाचणी होत नाही, कारण खरी चाचणी म्हणजे फ्यूज उडवणेच. त्याचा रोध मोजतात, आणि जागेवर बसवलेला फ्यूज आराखड्यातल्याच प्रकाराचा आणि रेटिंगचा आहे हे पडताळतात. घाईत भलताच फ्यूज बसला तर आलेखावरचा अख्खा वक्र उजवीकडे सरकतो, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

पेनिट्रेशनची गळती वेगळी मोजतात. सीलांमधल्या पोकळीत दाब देऊन किती वायू निसटतो ते बघायचे; अमेरिकेत अशा सर्व स्थानिक चाचण्यांची मिळून गळती एकूण मर्यादेच्या ६० टक्क्यांच्या आत राहावी लागते. महाराष्ट्रात तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांना दुहेरी कंटेनमेंट आहे, तिथे केबलला दोन भिंती ओलांडाव्या लागतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर अशा जोडांसाठी आयईसी ६०७७२ हे मानक आहे.

एखादे संरक्षक उपकरण नापास ठरले, तर त्या जुन्या तांत्रिक अटींनुसार ७२ तासांच्या आत मागचा ब्रेकर उघडून किंवा नापास ब्रेकर रॅक आउट करून (जागेवरून बाहेर ओढून) सर्किट वीजमुक्त करायचे, आणि ते तसेच आहे याची दर ७ दिवसांनी खात्री करायची. १९९० च्या दशकात हे कलम बहुतेक केंद्रांच्या परवान्यातल्या अटींमधून काढून केंद्राच्या स्वतःच्या तांत्रिक पुस्तिकेत हलवण्यात आले. नियामकाच्या पूर्वपरवानगीशिवाय तिथले वेळापत्रक ठरावीक मर्यादेत बदलता येते. म्हणून आज या चाचण्यांचा दर्जा केंद्रातल्या अभियंत्यांवर पूर्वीपेक्षा जास्त अवलंबून आहे.