संपले म्हणजे झाले असे नाही

मेढ्याच्या एसटी स्थानकावर मला दोन तऱ्हांचे प्रवासी दिसतात. एक दर पाच मिनिटांनी नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन विचारणारा, ‘साताऱ्याची गाडी लागली का हो?’ दुसरा बाकावर बसून घोषणेची वाट पाहणारा. संगणकात चाललेल्या कामांवर नजर ठेवण्याच्याही याच दोन रीती आहेत.

प्रोग्राम म्हणजे कागदावर लिहिलेली पाककृती. तो चालू झाला की त्याला ‘प्रोसेस’ म्हणतात. चुलीवर चढलेला भातच म्हणा ना! युनिक्स ही प्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आकाराला येऊ लागली. तिच्यात आणि तिच्या धर्तीवरील लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला क्रमांक असतो आणि तिला जन्म देणारी पालक प्रोसेसही असते. मूल संपले की प्रणाली पालकाला संकेत धाडते आणि निरोपाचा एक आकडा राखून ठेवते. शून्य म्हणजे काम नीट पार पडले. दुसरा आकडा आला की बहुधा काहीतरी बिनसलेले असते. पालकाने हा निरोप घेतलाच नाही, तर संपलेल्या प्रोसेसची नोंद यादीत तशीच पडून राहते. तिला गमतीने ‘झोंबी’ म्हणतात.

आपल्याला याचे काय? समजा, एखाद्या पतसंस्थेत रोज रात्री खात्यांची राखीव प्रत काढली जाते. एके रात्री डिस्क भरते आणि काम मध्येच थांबते. सकाळी सारे नेहमीसारखेच दिसते. पुढे मूळ डिस्क बिघडते, तेव्हा कळते की हाती असलेली प्रत कित्येक आठवड्यांपूर्वीची आहे! मधले व्यवहार कुठून आणायचे?

म्हणून देखरेख करणारा प्रोग्राम नेमतात. शून्य आला तर पुढचे काम सुरू करायचे. दुसरा आकडा आला तर ठरावीक वेळाच पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही जमले नाही तर माणसाला कळवायचे. ही मर्यादा हवीच. डिस्क भरलेली असताना शंभरदा प्रयत्न केला तरी काय उपयोग?

पण प्रोसेस संपतही नाही आणि कामही करत नाही, असे झाले तर? तेव्हा घोषणा होणारच नाही. खिडकीशी जाऊन विचारावेच लागते. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानात असेच घडले. एक महत्त्वाचे काम वेळेत पुरे होईना. यानातल्या पहारेकरी यंत्रणेने ते हेरले आणि संगणक पुन्हा सुरू केला. असे अनेकदा झाल्यावर अभियंत्यांनी पृथ्वीवर तोच बिघाड घडवून पाहिला, कारण शोधले आणि दुरुस्ती यानाकडे धाडली. पहारेकऱ्याने वेळ निभावून नेली. दोष मात्र माणसांनाच काढावा लागला.

तेव्हा आपल्या दुकानात, शाळेत वा संस्थेत संगणक बसवून देणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा. रात्रीचे काम बंद पडले, तर ते कोणाला आणि कसे कळते? आणि काढलेली प्रत शेवटची कधी उघडून पाहिली?