लिस्टमध्ये नाव नव्हतं, तरी...

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर कॅम्पस प्लेसमेंटची लिस्ट लागते. तुम्ही ती वरून खाली वाचता, मग खालून वर. नाव नाहीच! अमेरिकन फुटबॉलमध्ये (हेल्मेट घालून धडका मारतात तो, आपला पायाने खेळायचा नव्हे) दरवर्षी हजारो पोरांचं असंच होतं. फक्त तिथली लिस्ट टीव्हीवर लागते. एनएफएलच्या 32 टीम्स सात फेऱ्यांत कॉलेजमधले साधारण 250 खेळाडू निवडतात. हा ड्राफ्ट. उरलेले सगळे 'अनड्राफ्टेड'.

त्यातल्या काहींना ड्राफ्ट संपताच फोन येतो, छोटंसं कॉन्ट्रॅक्ट मिळतं. त्याहून खालची पायरी म्हणजे ट्रायआउट. कॉन्ट्रॅक्ट वगैरे काही नाही. दोन-तीन दिवसांच्या मिनी कॅम्पला या आणि काय येतं ते दाखवा.

माल्कम बटलर या खालच्या पायरीवरचा. गाव मिसिसिपीतलं विक्सबर्ग. पहिल्या कॉलेजच्या टीममधून बाहेर पडावं लागलं, तेव्हा तो पॉपाइज या फ्राइड चिकनच्या दुकानात काम करत होता. पुढे वेस्ट अलाबामा या छोट्या युनिव्हर्सिटीकडून खेळला. मे 2014 च्या ड्राफ्टमध्ये 256 नावं पुकारली गेली, त्यात हा नव्हता. न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी ट्रायआउटला बोलावलं आणि ठेवून घेतलं.

ठेवून घेतलं म्हणजे सुटला असं नाही हं! कॅम्पमध्ये 90 जण आणि सीझनसाठी हवेत फक्त 53. ऑगस्ट संपेपर्यंत बाकीच्यांना एकेक करून निरोप येतो, 'कोचनं बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये.' प्लेबुक म्हणजे टीमच्या चालींची वही. ती परत मागितली की काय ते समजायचं. एचआरचं 'दोन मिनिटं येता का?' आठवलं ना?

शिवाय पहिल्या फेरीतल्या खेळाडूवर टीमनं कोट्यवधी डॉलर ओतलेले असतात, त्यामुळे त्याच्या चुका पोटात घातल्या जातात. अनड्राफ्टेड पोराला सरावात चान्सच मोजके. मग तो स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीत जीव तोडून धावतो. मोठे स्टार्स त्या कामाला फारसे जात नाहीत. यादीतली शेवटची जागा बऱ्याचदा तिथंच ठरते.

बटलर 53 मध्ये टिकला. 1 फेब्रुवारी 2015, सुपर बोल. शेवटचा अर्धा मिनिट, सिएटल सीहॉक्सना जिंकायला हवं होतं फक्त एक यार्ड. त्यांनी जी चाल खेळली, तिनंच त्या आठवड्यात प्रॅक्टिसमध्ये बटलरला चकवलं होतं. या वेळी त्यानं ती आधीच ओळखली, झेपावला आणि पास पळवला! 28-24, पेट्रियट्स चॅम्पियन. तो पास ज्याच्यासाठी होता, तो रिकार्डो लॉकेटही अनड्राफ्टेडच.

हिंदी पिक्चर असता तर इथं 'समाप्त' आलं असतं. पण 4 फेब्रुवारी 2018 च्या सुपर बोलमध्ये, सीझनभर नियमित खेळलेल्या बटलरला कोच बिल बेलिचिकनं डिफेन्समध्ये एकदाही उतरवलं नाही. का, ते जाहीरपणे धड कधी सांगितलंच नाही. पेट्रियट्स 41-33 असे हरले. फिलाडेल्फिया ईगल्सच्या एका टचडाउनचा मानकरी होता कोरी क्लेमेंट. आदल्याच वर्षीचा अनड्राफ्टेड! बटलर मार्चमध्ये टेनेसी टायटन्सकडे गेला. पाच वर्षं, 6 कोटी 10 लाख डॉलरपर्यंतचा करार.