डेस्कटॉपपाशी अडलेला लिनक्स संगणक

लिनक्स संगणक सुरू होतो पण डेस्कटॉप उघडत नाही, तेव्हा संपूर्ण यंत्रणाच कोलमडली असे मानण्याची घाई केली जाते. वास्तविक चित्रमय पडदा हा सर्वांत शेवटी चढणारा थर असून त्याखालचे ग्रब, म्हणजे प्रणालीला चालना देणारा प्रारंभक, आणि कर्नल, म्हणजे यंत्रभाग हाताळणारा गाभा, यांचे काम बहुधा सुरळीत पार पडलेले असते. म्हणून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबून केवळ अक्षरांचा पडदा मिळतो का, हे आधी पाहावे. पासवर्ड स्वीकारला जाऊनही तोच पुन्हा विचारला जात असेल, तर अनेकदा डिस्क काठोकाठ भरलेली असते आणि 'डीएफ' ही आज्ञा ते दाखवते. ईएक्सटी-४ या फाइलरचनेत साधारणपणे ५ टक्के जागा मुख्य प्रशासकासाठी राखीव असल्याने अशा वेळीही साफसफाई करता येते.

घाटनांदूरसारख्या (ता. अंबाजोगाई) गावी यूपीएसविना चालणाऱ्या संगणकाची वीज ऐन कामात गेली, तर फाइलरचना विस्कळीत होऊन पडद्यावर 'इनिट्रॅमएफएस' हा शब्द आणि लुकलुकणारी खूण एवढेच उरू शकते. तेथे डिस्कच्या संबंधित विभागाच्या (पार्टिशनच्या) नावासह 'एफएससीके' ही तपासणीची आज्ञा देतात. डिस्कच झिजल्याची शंका असल्यास मात्र ही घाई नडते. त्यापूर्वी पेनड्राइव्हवरील लाइव्ह लिनक्सने संगणक सुरू करून कागदपत्रे उतरवून घ्यावीत. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारलेली असल्याने तिलाही याच आज्ञा चालतात.